एका तासाची चूक

वाचकहो, घड्याळ पाहता येणे आणि घड्याळ समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात शिकविताना आम्हाला नेहमी जाणवते. काटे कोठे आहेत हे सहा वर्षांचे मूल सांगते. पण ही वेळ कोठली, आणि ती खरी आहे हे ठरविणारा कोण, असे विचारले तर मोठी माणसेही घुटमळतात. आज आम्ही जी हकिकत सांगणार आहोत ती याच प्रश्नाची आहे. ती आपल्या बेटावर सुरू होते आणि सौदी अरेबियाच्या वाळवंटात जाऊन पोहोचते.

गणेश चतुर्थीच्या सुट्टीला आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. सौदीच्या पूर्वेकडील दम्माम शहरात तो एका कंत्राटदाराकडे संगणकांची देखभाल करतो. आरती आटोपल्यावर, मोदक खात असताना, आम्ही सहज विचारले, "तिकडे तुझे मुख्य काम काय रे?" तो हसून म्हणाला, "गुरुजी, निम्मे काम घड्याळे लावण्याचे!" आम्हाला ती थट्टाच वाटली. पण पुढे तासभर तो जे बोलला, ते ऐकून आम्ही वही काढून बसलो.

काटा खरा, यंत्र खोटे

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, २००८ साली आपल्या सरकारने उन्हाळ्यापुरती घड्याळे एक तास पुढे करण्याचा प्रयोग केला. २६ ऑक्टोबर २००८ रोजी काटे पुढे सरकले आणि २९ मार्च २००९ रोजी पुन्हा मागे आले. लोकांना ते फारसे रुचले नाही व प्रयोग तेथेच संपला. त्या पाच महिन्यांत घरोघरी "नवा टाइम की जुना टाइम?" हा प्रश्न ठरलेला. आमच्या घरी तर देवघरातले घड्याळ आजीने शेवटपर्यंत हलवू दिले नाही.

त्या वेळी हा मुलगा कॉलेजात शिकत होता. त्याच्या खोलीतला जुना संगणक 'टॉर' नावाच्या जाळ्यात एक टप्पा, म्हणजे रिले, म्हणून तो चालवीत असे. टॉर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपण इंटरनेटवरून एखादे पान मागविले की कोणी मागविले व कोठून मागविले, हे वाटेवरच्या सर्वांना कळू शकते. टॉरमध्ये हा निरोप सरळ न जाता तीन निरनिराळ्या यंत्रांतून फिरून जातो. निरोपावर कांद्यासारखे पापुद्रे असतात. प्रत्येक टप्पा एक पापुद्रा सोलतो व पुढच्या टप्प्याकडे देतो. पहिल्याला पाठविणारा ठाऊक असतो पण मुक्काम ठाऊक नसतो. शेवटच्याला मुक्काम ठाऊक असतो पण पाठविणारा ठाऊक नसतो. ही कल्पना मुळात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. आज जगभर हजारो स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर असे टप्पे विनामोबदला चालवितात.

काटे पुढे करण्याचा दिवस आला तेव्हा या मुलाच्या संगणकाने आपणहून वेळ बदलली नाही, कारण आपल्या सरकारचा नवा नियम त्या यंत्राला ठाऊकच नव्हता. तेव्हा त्याने हाताने काटा एक तास पुढे केला. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ बरोबर जुळली. पण थोड्याच वेळात टॉरने ताकीद द्यावयास सुरुवात केली: तुमचे घड्याळ एक तास पुढे आहे, ते दुरुस्त करा. तो गोंधळला. "गुरुजी, मी खिडकीतून पाहिले, शेजाऱ्यांचे घड्याळ पाहिले, रेडिओ लावला. सगळीकडे माझीच वेळ. आणि यंत्र म्हणते मी चुकलो!"

चूक कोठे होती?

यंत्राचे म्हणणे खरे होते. संगणक पोटात एकच वेळ सांभाळतो, सर्व जगाची सामाईक वेळ. ती इंग्लंडातील ग्रिनिचच्या जवळपास असते. भिंतीवर दाखवावयाची वेळ तो त्यावरून हिशेब करून काढतो. आपल्या बेटासाठी चार तास मिळवा, सौदीसाठी तीन, भारतासाठी साडेपाच. या मुलाने 'किती मिळवावयाचे' हा आकडा न बदलता नुसता काटा ढकलला. म्हणून पडद्यावर वेळ बरोबर दिसली, पण यंत्राच्या पोटातली जागतिक वेळ एक तास पुढे गेली. आमच्या भाषेत सांगावयाचे तर उत्तर बरोबर आले, पण रीत चुकली.

दम्माममध्ये तो हीच चूक रोज दुरुस्त करतो. कामासाठी भारतातून आलेला गडी आपल्या लॅपटॉपचा काटा अडीच तास मागे घेतो, आपल्या बेटावरून गेलेला एक तास मागे घेतो, आणि दोघेही "कंपनीच्या जाळ्यात मला शिरू देत नाही" अशी तक्रार घेऊन येतात. पुष्कळ कचेऱ्यांच्या जाळ्यात असा नेम असतो की आत येणाऱ्या यंत्राचे घड्याळ आणि पहारेकरी यंत्राचे घड्याळ यांत पाच मिनिटांहून जास्त अंतर असले तर दार उघडावयाचे नाही. कारण कोणी जुना परवाना चोरून दुसऱ्या दिवशी वापरावयास आला तर तो ओळखता यावा.

टॉरमध्येही असेच आहे. तेथे राजा कोणी नाही. सुमारे नऊ विश्वासू यंत्रे पंचांसारखी दर तासाला एकमेकांशी मत मिळवितात आणि जगातल्या सर्व टप्प्यांची एक यादी बहुमताने जाहीर करतात. त्या यादीवर लिहिलेले असते, ही केव्हापासून खरी आणि केव्हापर्यंत चालेल. तासाभराने ती जुनी होते व तीन तासांनी तिची मुदत संपते. आता ज्याचे घड्याळ चुकले त्याला ताजी यादी शिळी वाटेल, किंवा शिळी यादी ताजी वाटेल. कोणी लबाडाने कालची यादी पुढे केली, ज्यात कदाचित नंतर काढून टाकलेले वाईट टप्पे असतील, तर तो फसेल. टप्पा चालविणाऱ्याचे घड्याळ फारच चुकले तर पंच त्याची नोंद घेत नाहीत. म्हणून ती ताकीद. ज्या जाळ्यात कोणी कोणाचे तोंड पाहत नाही, तेथे खरेखोटे पारखावयास वेळ हीच एक मोठी कसोटी उरते.

वाळवंटातली घड्याळे

सौदी अरेबियाला या गोष्टीचा जुना अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सूर्यास्ताची वेळ चालत असे. सूर्य मावळला की बारा वाजले. मग तासाभराने एक, दोन तासांनी दोन. सूर्यास्त रोज थोडा मागेपुढे होतो, म्हणून घड्याळ रोज लावावे लागे. शिवाय प्रत्येक गावाचे बारा निराळे. मुलांसाठी येथे एक लहानसा हिशेब घालतो. धहरान शहर साधारण ५० अंश रेखांशावर आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरचे जेद्दा सुमारे ३९ अंशांवर. फरक ११ अंश. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणजे धहरानमध्ये बारा वाजल्यावर जेद्दात बारा वाजावयास सुमारे ४४ मिनिटे लागणार.

नमाज आणि बाजार यांना ही रीत सोयीची होती. पण विमान, तेलवाहिनी आणि तारायंत्र यांना ती कशी चालावी? तेलाची कंपनी आरामको आपली वेळ ठेवी, विमाने ग्रिनिचची वेळ पाहत, आणि गावकरी सूर्याकडे पाहत. १९६९ साली आरामकोच्याच नियतकालिकाने या गोंधळावर एक गमतीदार लेख छापला होता. त्याच्या मथळ्याचा अर्थ, जेवावयास यावे तरी कधी? पुढे ग्रिनिचहून तीन तास पुढे अशी एकच वेळ साऱ्या देशभर रूढ झाली. २०१० साली मक्केत सहाशे एक मीटर उंचीच्या मनोऱ्यावर चार तोंडांचे घड्याळ बसले. त्याची एकेक तबकडी ४३ मीटर व्यासाची, म्हणजे एका तबकडीवर आमच्या शाळेची इमारत आडवी ठेवता यावी. आणि २०१६ च्या ऑक्टोबरपासून सरकारी पगारही चांद्र महिन्यांऐवजी सौर महिन्यांच्या हिशेबाने होऊ लागले. एका पिढीने सूर्याकडे पाहून घड्याळ लावले, त्यांच्या नातवंडांची घड्याळे उपग्रहाकडे पाहून लागतात.

घड्याळ मागे नेणारा चोर

आता त्या मुलाच्या बोलण्यातला सर्वांत गंभीर भाग. १५ ऑगस्ट २०१२, बुधवार. रमजानचा २७ वा दिवस. सौदीत तेव्हा गुरुवार-शुक्रवारची सुट्टी असे, म्हणजे कामाचा हा शेवटचा दिवस, आणि बरेच लोक ईदसाठी घरी गेलेले. धहरानच्या घड्याळात ११ वाजून ८ मिनिटे झाली, यंत्रांच्या पोटातील जागतिक घड्याळात ८ वाजून ८ मिनिटे, आणि आरामकोच्या संगणकांवरील माहिती पुसली जाऊ लागली. सुमारे तीस हजार संगणक निकामी झाले. 'शमून' नावाचा तो किडा आधीच आत शिरून घड्याळाकडे डोळा लावून बसला होता. तेल काढण्याची यंत्रणा निराळ्या जाळ्यावर होती म्हणून ती वाचली. पण कचेऱ्यांचे कामकाज कागदावर आणि फॅक्सवर आले. मुख्य सेवा पूर्ववत झाल्याचे कंपनीने २६ ऑगस्टला जाहीर केले.

चार वर्षांनी तोच किडा परत आला. १७ नोव्हेंबर २०१६, रात्री ८ वाजून ४५ मिनिटे. एव्हाना सौदीची सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली होती आणि हा वार होता गुरुवार. चोराने नवे कॅलेंडरही पाठ केले होते. पण त्याच्यापुढे एक अडचण होती. माहिती पुसण्यासाठी त्याने एका परक्या कंपनीचे हत्यार उसने घेतले होते आणि त्या हत्याराचा तात्पुरता परवाना २०१२ च्या ऑगस्टमध्येच संपला होता. मग त्याने काय करावे? संशोधकांना असे आढळले की त्याने प्रत्येक संगणकाची तारीख मागे फिरवून १ ते २० ऑगस्ट २०१२ मधल्या कोणत्यातरी दिवसावर नेली. हत्याराने घड्याळ पाहिले, परवाना चालू आहे असे समजले, आणि ते कामाला लागले.

वाचकहो, हे ऐकून आम्ही थक्क झालो. परवाना तपासणारा नेक होता, नियम नेक होता. खोटे बोलले ते घड्याळ. "म्हणून गुरुजी," तो म्हणाला, "संगणकाचे घड्याळ आपोआप मागे गेलेले दिसले की मी चहा टाकून उठतो."

घड्याळालाही नाडी असते

मग यंत्रे वेळ जुळवितात तरी कशी? अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली याची रीत लिहून ठेवली. त्यांची दृष्टी अधू होती व उतारवयात ती पूर्ण गेली. २०२४ च्या जानेवारीत ते वारले. त्यांची रीत आपल्या खेडवळ शहाणपणासारखीच आहे. वेळ एकाला विचारू नका, चार-पाच जणांना विचारा. प्रश्न जावयास आणि उत्तर यावयास किती क्षण लागले ते मोजा व वाटेतला वेळ वजा करा. ज्याचे उत्तर बाकीच्यांशी मुळीच जुळत नाही त्याला सोडून द्या. आणि थोड्याशा चुकीसाठी घड्याळाला धक्का देऊ नका, हळूहळू वाटेवर आणा.

हे जुळविणे सतत का करावे लागते? कारण संगणकाच्या घड्याळात गारगोटीच्या स्फटिकाचा एक तुकडा कंप पावत असतो आणि उष्णतेने त्याची चाल बदलते. केंब्रिजचे संशोधक स्टीव्हन मर्डॉक यांनी २००६ साली यावरून एक धक्कादायक गोष्ट दाखविली. टॉरमध्ये दडलेल्या यंत्राला मुद्दाम जास्त काम दिले की ते तापते, तापले की त्याचे घड्याळ किंचित निराळे चालते, आणि तो सूक्ष्म फरक दुरून मोजून यंत्र ओळखता येते. म्हणजे तोंड झाकले तरी नाडी बोलते. दम्मामच्या उन्हाळ्यात थंड हवेचे यंत्र बंद पडले की हा मुलगा आधी घड्याळे का तपासतो, ते आम्हाला तेव्हा उमगले.

तोंड झाकावयाचेच कशाला?

आमच्या पत्नीने मध्येच विचारले, "पण भल्या माणसाला लपून बोलावयाची गरजच काय?" प्रश्न रास्त आहे. चोरही अंधार वापरतो, हे कोणी नाकारीत नाही. पण सौदीत १९९९ साली जनतेसाठी इंटरनेट खुले झाले तेव्हापासून ते सरकारी चाळणीतून गाळून येते. रियाधमध्ये तांबड्या चंद्रकोर संस्थेत काम करणारे अब्दुलरहमान अल-सदहान टोपणनावाने ट्विटरवर उपहासाचे चार शब्द लिहीत. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांना कचेरीतून नेण्यात आले आणि २०२१ साली २० वर्षांची शिक्षा झाली. ट्विटर कंपनीतल्याच एका माजी नोकराला, सौदीसाठी लोकांची खाजगी माहिती पाहिल्याबद्दल, अमेरिकेच्या न्यायालयाने २०२२ साली दोषी ठरविले. आमचा विद्यार्थी तेथे टॉरच्या वाटेला जात नाही. "ज्या देशाचे मीठ खातो त्याचा कायदा पाळतो," एवढेच तो बोलला. आम्हीही कोणाला कायदा मोडावयास सांगत नाही.

पण आपण आपल्याच पूर्वजांचा इतिहास आठवावा. कोकणातून आलेले आपले पणजोबा उसाच्या मळ्यात राबत तेव्हा वेळ मालकाची होती. घंटा मालकाची. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई, त्याला 'डबल कट' म्हणत. करार संपलेल्या जुन्या मजुरालाही खिशात पास बाळगल्याशिवाय रस्त्यावर फिरता येत नसे. पास नाही तर तुरुंग. १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अडोल्फ द प्लेवित्झ यांच्या साह्याने राज्यपालांकडे अर्ज केला आणि पुढील साली चौकशीचे रॉयल कमिशन आले. त्या ९,४०१ जणांना आपले नाव उघड करावे लागले. प्रत्येकाने सही करताना किंवा खूण उमटविताना उद्या मालक काय करील याचा विचार केलाच असेल. आणि ज्यांना सही करावयाची होती पण धीर झाला नाही, ते किती असतील? आमच्या पत्नीने हे ऐकले आणि पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

घरोघरी करावयाच्या गोष्टी

आता उपयोगाच्या चार गोष्टी सांगून आवरतो. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना या जरूर सांगाव्या.

पहिली. दुसऱ्या देशात गेल्यावर फोनचा किंवा संगणकाचा काटा हाताने फिरवू नका. 'कोणत्या गावाची वेळ' तो रकाना बदला. रियाध निवडा, काटा आपोआप एक तास मागे येईल.

दुसरी. वेळ आपोआप जुळविण्याची सोय चालू ठेवा.

तिसरी. आमच्या शाळेतील एका जुन्या संगणकावर एके दिवशी कोणतेच पान उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'हे स्थळ सुरक्षित नाही' अशी ताकीद. आम्ही जाळ्याला दोष दिला, तार तपासली, दोन दिवस घालविले. शेवटी एका मुलीने कोपऱ्यातली तारीख वाचली, साल दहा वर्षे मागचे! आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. पानांचे दाखले नवे होते, पण त्या संगणकाच्या लेखी त्यांची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. ती बॅटरी बदलली आणि सारे सुरळीत झाले. तेव्हा अशी ताकीद आली की प्रथम तारीख, महिना आणि साल पाहा. नुसती मिनिटे पाहू नका.

चौथी. कामाच्या ठिकाणी घड्याळ आपोआप मागे किंवा पुढे उडी मारताना दिसले तर ते गुपचूप दुरुस्त करून मोकळे होऊ नका. जो जबाबदार असेल त्याच्या कानावर घाला. दोष तुमचा नसेल तर तो कोणाचातरी असेल, आणि तो शोधणे जरूर आहे.

विद्यार्थी सुट्टी संपवून परत गेला. विमानतळावर निरोप देताना आम्ही आमच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, त्याने आपल्या फोनकडे पाहिले. आमचे घड्याळ तीन मिनिटे मागे होते. तो काही बोलला नाही, फक्त हसला. घरी आल्यावर आम्ही ते रेडिओच्या बातम्यांशी लावले. देवघरातल्या घड्याळाला मात्र अजून हात लावलेला नाही. ती ताकीद आजीची आहे.